चिडकं पोर म्हणजे लाडावलेलं पोर नव्हे

माळरान: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पोरांना नैराश्य वगैरे काही नसतं, मोबाईल काढून घ्या, आठ दिवसांत सरळ येतात." रात्रभर डोक्यात तेच होतं. आम्हीही काढून घेतला होता. लेक सरळ आला नाही, जेवायचा बंद झाला. रडत नव्हता, म्हणून कळलंच नाही. दारं आपटायचा, बहिणीवर खेकसायचा. बॅट पलंगाखाली जाळी धरून पडलेली. मुलांत कधी कधी उदासीपेक्षा चिडचिडच पुढे येते, हे डॉक्टरांकडून कळलं. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास बिघडलेला असेल तर दाखवाच.

खडूफळा: ते मीच लिहिलं. पंचवीस वर्षं शिकवतोय, वयात आलेलं प्रत्येक पोर चिडतं. सगळ्यांना नैराश्याच्या गोळ्या चारायच्या? २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, याच गोळ्यांवर आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा छापायला लावला, तो उगाच?

निशिगंध: सर, अर्धंच सांगताय. ज्यांवरून तो इशारा आला, त्या मुलांवरच्या चाचण्यांत असे विचार किंवा वर्तन गोळीवाल्यांत ४ टक्के, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्के. आत्महत्या एकही नाही. म्हणूनच सुरुवातीचे आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. आणि सौम्य त्रासात आधी समुपदेशनच करतात.

चंद्रभागा: गोळ्यांचं राहू द्या, क्लासवाल्यांना बोला! भाची लातूरला नीटसाठी. पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास, आणि दर परीक्षेनंतर गुणांची यादी भिंतीवर. ती जिन्यातच बसून राहायची.

खडूफळा: फी कोण भरतं? आईबापच ना?

चंद्रभागा: थोडक्या गुणांनी सरकारी सीट हुकते, खाजगीची फी तुम्ही भरणार का? शेत विकून पाठवलंय तिला!

खडूफळा: मग ती भिंतीवरची यादी सहन करा.

रेवाची आई: क्लासवरून भांडण पुरे! आमच्या तालुक्यात मुलांचा मानसोपचारतज्ज्ञच नाही, त्याचं बोला. मी शेवटी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, तिथल्या बाई मराठीत बोलल्या. पुढे कुठे जायचं तेही सांगितलं.

खडूफळा: बरं, मोबाईलचं वाक्य मागे घेतो. गोळ्यांबद्दल मत तेच. पण नववीतली एक मुलगी दिवाळीपासून बाकावर डोकं टेकून बसते आणि मी तिला दर तासाला उभं करतो. काय विचारू तिला?

माळरान: वर्गात नको, एकटीला विचारा. झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. जीव नकोसा वाटतो म्हणाली तर त्याच दिवशी घरच्यांना बोलवा, तोवर तिला एकटी सोडू नका.