ताज्या बर्फातील पांढऱ्या घराचे छायाचित्र: वेळ आणि एक्सपोजर कसे ठरवावे?

सप्तपर्ण:
आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेकडील एका गावात राहतो. आमच्या रस्त्यावर न्यू इंग्लंडच्या वसाहतकालीन धाटणीचे एक दुमजली घर आहे. मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खिडक्या, छपराच्या मध्यातून वर आलेले विटांचे रुंद धुराडे आणि भिंतींवर एकावर एक चढवलेल्या पांढऱ्या आडव्या फळ्या, असे त्याचे रूप आहे. येत्या आठवड्यात मोठ्या हिमवृष्टीचा अंदाज असून घरमालकीणबाईंनी अंगणात येण्याची परवानगी आनंदाने दिली आहे. घराचे तोंड दक्षिणेला आहे. पांढरे घर पांढऱ्या बर्फात हरवू नये यासाठी काय करावे?

कृष्णधवल:
घर दक्षिणाभिमुख आहे, ही फार अनुकूल गोष्ट आहे. डिसेंबरअखेरीस बॉस्टनला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर येतो आणि उगवतो तो आग्नेयेला. त्यामुळे सकाळी दर्शनी भिंतीवर तिरपे ऊन पडून खिडक्यांच्या चौकटी, झडपा आणि दाराभोवतीचे लाकूडकाम यांच्या सावल्या बाजूला पसरतात. भिंतीला उठाव येतो तो याच सावल्यांमुळे. ढगाळ प्रकाशात भिंत आणि अंगण एकजीव दिसतात, म्हणून वादळ सरून आकाश निवळण्याची वाट पाहावी. तुमचा कॅमेरा उत्तरेकडे रोखलेला असेल, म्हणजे घरामागे गडद निळे आकाश मिळेल. मात्र उशीर करू नये, कारण वाऱ्याने फांद्यांवरचा बर्फ लवकर झडतो.

कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून मोजतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, एक ते दोन स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), पण उन्हातील बर्फाचा पोत पुसला जात नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रातील गडद-उजळ छटांच्या आलेखावर पाहावे. चित्र रॉ स्वरूपातच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात) घ्यावे.

उत्तररंग:
सकाळच्या उन्हाबद्दल मी सहमत आहे, तरीही माझी पसंती संधिप्रकाशाला आहे. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बर्फ निळसर होतो आणि खिडक्यांतील पिवळा उजेड त्यावर उठून दिसतो. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळ्यात प्रत्येक खिडकीत एकेक विजेची मेणबत्ती लावण्याची पद्धत आहे. मालकीणबाईंकडे त्या असल्यास लावण्याची विनंती जरूर करा. त्या वेळी व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार चित्रातील रंग जुळवणारी सोय) स्वयंचलित ठेवू नका, नाहीतर जपायचा तो निळेपणाच कमी होईल. ट्रायपॉड अर्थातच हवा.

अशा सममित घरात भिंती आत झुकलेल्या दिसल्या की डोळ्याला लगेच खटकते. कॅमेरा वर न झुकवता मागे सरकावे आणि खाली जास्त आलेले अंगण नंतर कापावे. त्या अंगणात आपल्याच पाऊलखुणा उमटू नयेत, म्हणून उभे राहण्याची जागा हिमवृष्टीपूर्वीच ठरवून ठेवावी.

सप्तपर्ण:
दोघांचेही मनापासून आभार. सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही वेळा साधेन. तोवर सराव कुठे करावा?

कृष्णधवल:
डेडहॅमचे फेअरबँक्स घर रस्त्यावरून टिपून पाहा. १६४१ च्या सुमारास बांधलेले हे घर उत्तर अमेरिकेतील टिकून राहिलेले सर्वांत जुने लाकडी सांगाड्याचे घर मानले जाते. त्याचे लाकूड गडद असल्यामुळे चौकटीत घर जास्त आले, तर तेथे एक्सपोजर इतके वाढवावे लागणार नाही. हा फरक स्वतः मोजून पाहा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दुसरी आतल्या खिशात ठेवा, आणि उबदार घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, म्हणजे त्यावर दव धरणार नाही.