'स्नायू शिथिलक' म्हणजे नक्की किती शिथिल?

प्रश्न: शस्त्रक्रियेवरच्या लेखात मी 'स्नायू शिथिलक' लिहिलं. एका वाचकाने विचारलं, "पाठ धरल्यावर घेतात ती गोळी का?" दुसरा शब्द आहे का?

उत्तर: शंका रास्त आहे. ती गोळी आणि शस्त्रक्रियेत देतात ते इंजेक्शन, दोघांनाही 'मसल रिलॅक्सन्ट'च म्हणतात. पण गोळीचं काम मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. हे इंजेक्शन मात्र चेतातंतू (मेंदूचा निरोप नेणारी नस) स्नायूला भिडतो नेमकं तिथे काम करतं. एरवी तंतूतून ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहीवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसतं आणि स्नायू आकसतो. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही इंजेक्शनं त्या ग्राहीवर नुसती जागा अडवून बसतात. सक्सिनिलकोलीन या इंजेक्शनची (ऑपरेशन थिएटरात सगळे 'स्कोलीन' म्हणतात) तऱ्हा उलटी. ते आधी स्नायूला चेतवतं आणि मग जागा सोडत नाही. मिनिटाच्या आत पापण्या, चेहरा, छातीवर बारीक फडफड उठते. ती विरली की सगळं लुळं, श्वासपटल (श्वास ओढणारा छातीखालचा स्नायू) सुद्धा. म्हणून तर घशात नळी आणि श्वास मशीनवर. हृदय चालूच राहतं, त्याचे ग्राही वेगळे.

एवढ्याला 'शिथिल' म्हणायचं? शिथिल नियम होतात!

— मग 'चेतारोधक'?

नको. चेता रोखतं ते जागा बधिर करणारं लिग्नोकेन. इथे चेता शाबूत असते, तिचा निरोप पोचत नाही. 'चेता-स्नायू संधी रोधक' अचूक आहे, पण 'संधी' वाचून एखाद्याला हुकलेली नोकरी आठवायची. शेजारच्या भाषांतून उचलतानाही जपा: बंगालीत 'स्नायु' म्हणजे चेता, आणि हिंदीतली 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू.

— सरळ 'भुलीचं औषध' लिहिलं तर?

ही चूक सगळ्यांत वाईट. याने शुद्धही जात नाही आणि वेदनाही थांबत नाही. 1947 साली स्मिथ नावाच्या डॉक्टरने स्वतःवर क्युरारेचा, म्हणजे याच जातीच्या जुन्या औषधाचा, प्रयोग करवून घेतला. बोटही हलवता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं, कळत होतं. म्हणून भूल वेगळी द्यावीच लागते. मी पहिल्या उल्लेखात 'स्नायू लुळे करणारं औषध' लिहीन, पुढे हवं तर शिथिलक.

— आणि 'रिव्हर्सल', म्हणजे हा लुळेपणा उतरवणं?

त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे: उतारा. क्युरारे हे मुळात दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणाला लावायचं विष. 1942 साली माँट्रियलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी ते अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत वापरलं. आता उताऱ्याची औषधं: निओस्टिग्मीन ॲसिटिलकोलीन वाढवून अडवणाऱ्याला हुसकावतं, सुगामाडेक्स रोक्युरोनियमचा रेणूच पोटात घेतं. विषावरचा उताराच की हा!