दादाच्या हार्टच्या नळ्या साफ, तरी हार्ट मोठं झालंय. घरातल्या सगळ्यांनी इको (हार्टची सोनोग्राफी) करायचा काय?

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहितोय. मोठा भाऊ, वय ४३, ऊस आणि भात. पावसाळ्यात चढ चढला की धाप लागायची, आम्ही म्हटलं दमा असेल. मग रात्री आडवा झाला की गुदमरायला लागला, तीन उशा लावून बसूनच झोपायचा, आणि वहिनीनं नडगीवर बोट दाबून बघितलं तर खड्डा तसाच, मळलेल्या कणकेत राहतो तसा. बेळगावला नेलं. इकोत ईएफ (हार्ट एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते) २८ टक्के, अँजिओग्राफीत नळ्या एकदम साफ. फाईलवर लिहिलंय डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. डॉक्टर भला माणूस, पण कन्नडमधनं भराभर बोलला आणि आपलं कन्नड बाजारापुरतं, एष्टु-बेडाच्या पुढं जात नाही.

ब्लॉकेज नाही तर हार्ट बिघडलं कशानं? पाहुणे म्हणायलेत चोरून पीत असणार. दादा सुपारी सोडली तर कशाला शिवत नाही, वहिनी ते ऐकून दोन दिवस धड जेवली नाही. दुसरं म्हणजे आमचे वडील, आबा, १९९८ ला मळणी चालू असताना खळ्यावर बसले ते उठलेच नाहीत, वय ४६, सगळे अटॅक म्हणाले आणि विषय संपला. ह्याचा त्याचा संबंध असंल काय? मी ३८ चा, दोन पोरं आहेत.

प्रतिसाद १
निपाणीची आहे, कार्डियाक वॉर्डात नर्स होते. नळ्या म्हणजे पाईप, स्नायू म्हणजे मोटर. तुमचे पाईप बरोबर आहेत, मोटर थकलीय. चांगलं हार्ट एका ठोक्याला आत भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून जास्त बाहेर टाकतं, दादाचं पावभागाच्या थोडं वर. दारू हे एक कारण झालं, एकच नव्हे. व्हायरल इन्फेक्शननंतर होतं, थायरॉईडनं, केमोच्या काही औषधांनी, बायकांना बाळंतपणाच्या आसपास, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पाहुण्यांना सांगा जरा दमानं. कार्डिओमायोपॅथी म्हणजे हार्टच्या स्नायूचा आजार, दादाच्या प्रकारात हार्ट ताणून पातळ होतं. दुसऱ्या प्रकारात भिंत जाड होते, तो साधारण ५०० त एकाला असतो आणि बराचसा घराण्यातनं येतो, तिसऱ्यात ती ताठ होते. दादाचा प्रकारही घराण्यातनं येऊ शकतो, आईबापापैकी एकाच्या जीनमध्ये दोष असला तर बहुतेक वेळा प्रत्येक पोराला निम्मा चान्स. म्हणून आबांचं डॉक्टरांना आधी सांगा, कन्नड येणारं कुणीतरी सोबत न्या. तुम्ही, बाकी भावंडं, आई आणि दादाची पोरं, सगळ्यांचा ईसीजी नि इको करा. तुमचा नॉर्मल आला तर तुमच्या पोरांची घाई नाही, पण काही वर्षांनी तुमचा परत करायचा.

प्रतिसाद २
आमच्या साडूचा ईएफ २५ होता, गोळ्यांवर वर्षाभरात ४५ झाला, सगळ्यांचा होतोच असं नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठायलंय, लगेच फोन लावा. आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधनं मनानं आणू नका, त्यानं पाणी अजून साठतं.

धागाकर्ता
लई उपकार. सोमवारी सगळे जातोय. दादाचा थोरला कबड्डी खेळतो, त्याला थांबवू काय?

प्रतिसाद १
इको होईस्तोवर थांबवाच. मधे कधी चक्कर येऊन पडला असेल तर तेही सांगा.

धागाकर्ता
थांबवला, रुसून बसलाय. आत्ता आईला आबांचं नीट विचारलं. म्हणाली, शेवटचा महिनाभर तेही भिंतीला टेकून बसूनच झोपायचे.