डोमेनमधल्या (एकाच सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कमधल्या) मशीनला कोणता पेन ड्राइव्ह लागला, कसं कळेल?

प्रश्न: ६० मशीन, सगळी विंडोज १०. कुणी कधी पेन ड्राइव्ह लावला आणि त्यावर काय टाकलं, हे एकाच सर्व्हरवर बघायचंय. वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला मंजुरी नाही.

उत्तर १: गरजही नाही. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनची सेटिंग एका जागेवरून लावायची सोय) अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी उघडा; काय काय नोंदवायचं ते इथे ठरतं. डिटेल्ड ट्रॅकिंगखाली ‘ऑडिट पीएनपी अ‍ॅक्टिव्हिटी’ (पीएनपी म्हणजे प्लग अँड प्ले) चालू करा. ड्राइव्ह लागला की सिक्युरिटी लॉगमध्ये (विंडोजची सुरक्षा-नोंदवही) ६४१६ क्रमांकाचा इव्हेंट, म्हणजे नोंद, येतो. माउस-कीबोर्डचेही येतात, म्हणून डिव्हाइस आयडीत ‘यूएसबीस्टोर’ (यूएसबी स्टोरेजची खूण) असलेलेच गाळून घ्या. फाइल्ससाठी त्याच ऑडिट पॉलिसीत ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेसमधलं ‘रिमूव्हेबल स्टोरेज’ चालू करा; त्याचा इव्हेंट ४६६३. मात्र या नोंदींचा पूर येतो. ‘राइटडेटा’ (फाइलमध्ये लिहिल्याच्या नोंदी) तेवढे ठेवा.

उत्तर २: या नोंदी सर्व्हरवर आणायला विंडोजमधलंच इव्हेंट फॉरवर्डिंग वापरा. इथे हमखास अडतं: प्रत्येक मशीनवर ‘नेटवर्क सर्व्हिस’ला (नोंदी पाठवणारं विंडोजचं अंतर्गत खातं) ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ (लॉग वाचायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घालून मशीन रीस्टार्ट करा, नाहीतर सिक्युरिटी लॉगमधलं काहीच पोचत नाही. लॉगची मूळ मर्यादा २० एमबी, तीही वाढवा.

उत्तर ३: नोंदीत दिसणाऱ्या ड्राइव्हच्या सिरियल नंबरवर डोळे झाकून विसंबू नका. दुसरं अक्षर ‘&’ असेल तर तो विंडोजने स्वतः बनवलेला; तोच ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर वेगळा दिसेल. आणि मोबाइल एमटीपीने (मोबाइलच्या फाइल ट्रान्सफरची पद्धत) जोडला तर ‘यूएसबीस्टोर’मध्ये दिसतच नाही.