फरशी आणि गवत

दत्तक आणलेला मोठा कुत्रा 'मुद्दाम' घरात शी-शू करतो, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बाहेर न्यायच्या वेळा पाळा, बाहेर केलं की लगेच खाऊ द्या, हा नेहमीचा सल्ला मात्र अगदी बरोबर. त्यात एक गोष्ट राहते: पायाखाली काय आहे त्याचीही कुत्र्यांना सवय लागते. पिंजऱ्यात सिमेंटवर वाढलेल्याला गवत म्हणजे शी-शूची जागा वाटतच नाही. आमची कुत्री बागेत नुसती हुंगत फिरायची आणि घरात शिरताच फरशीवर मोकळी! मग तिला आधी बाहेरच्या सिमेंटच्या कडेला न्यायला लागलो, तिथून हळूहळू मातीकडे.

फरशी पुसायला अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो. लघवीचा वास मुळातून घालवणारं एन्झाइमवालं घ्या. आणि आधी नीट असलेला कुत्रा अचानक थेंब-थेंब करू लागला तर शिकवणं बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.