मदत हवी आहे: उंदरातली गाठ वाढतेय, पण उजेड कमी होतोय

शोधार्थी_नागपूर:
अर्जंट आहे. उंदरांमधल्या कॅन्सरच्या गाठी ल्युसिफरेजवर (काजव्यातलं उजेड पाडणारं प्रथिन) इमेजिंग करून बघतेय, म्हणजे गाठीतल्या पेशींचा उजेड कॅमेऱ्याने मोजतेय. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सिग्नल छान चढला, तिसऱ्यात थबकला आणि काल निम्म्यावर आला. हा कंट्रोल गट आहे, औषध कोणालाच दिलेलं नाही. व्हर्नियरने मोजलं तर गाठ वाढलेलीच. सोमवारी प्रेझेंटेशन, मशीनचा स्लॉट थेट पुढच्या शुक्रवारी. काय चुकतंय?

पेशीवाला:
पेशी कोणत्या? उंदीर कोणता? डोस किती, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी फोटो? काहीच लिहिलं नाही, सांगायचं कसं?

ऑरेंजसिटी_७७:
नॅनोल्युक (उजेड पाडणारं दुसरं प्रथिन) घ्या ताई. उजेड कितीतरी जास्त. आम्ही काजव्याचं ल्युसिफरेज केव्हाच सोडलं.

पेशीवाला:
ऑरेंजसिटी भाऊ, नॅनोल्युकचा उजेड निळा, 460 नॅनोमीटरच्या आसपास. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. काजव्याचा उजेड 37 अंशांवर लालसर होतो, 600 च्या पुढचा भाग ऊतींतून बाहेर येतो. सब्स्ट्रेट, म्हणजे उजेडासाठी टोचायचं रसायन, तेही वेगळं लागतं. सोमवारपर्यंत तिने नव्या पेशी बनवायच्या काय?

ऑरेंजसिटी_७७:
पुढच्या वेळेसाठी सांगून राहिलो. वरवरच्या गाठीत आम्हाला काही अडचण आली नाही.

शोधार्थी_नागपूर:
सॉरी. 4टी1-ल्युक पेशी (उंदराच्या स्तनकॅन्सरच्या, ल्युसिफरेज घातलेल्या), बाल्ब-सी जातीच्या मादी, स्तनाच्या चरबीत टोचल्या. ल्युसिफेरिन (ल्युसिफरेजचा सब्स्ट्रेट) वजनाच्या किलोला 150 मिलिग्रॅम, पोटात टोचून. फोटो दर वेळी 10 मिनिटांनी, एकच.

वऱ्हाडी_लॅब:
काळ्या उंदरांचे केस नीट काढत जा. काळा रंग उजेड खातो, आमचा अख्खा महिना त्यात गेला.

पेशीवाला:
बाल्ब-सी पांढरे असतात हो.

वऱ्हाडी_लॅब:
बरं, मग फ्रीझर बघा. मे महिन्यात आमच्याकडे लाइट जाऊन जाऊन ल्युसिफेरिन वितळायचं, पुन्हा गोठायचं. वजा 20 ला, अंधारात, छोट्या नळ्यांत ठेवा.

काकूंसाठी_विचारते:
माझ्या काकूंना स्तनाचा कॅन्सर आहे. ही उजेडाची तपासणी नागपुरात कुठे होते? खर्च किती?

पॅथॉलॉजीताई:
ही तपासणी माणसांवर होत नाही. काजव्याचं जनुक आधी पेशींत घालून त्या पेशी उंदरात टोचतात, म्हणून त्या उजळतात. काकूंच्या पेशींत ते जनुक नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या वेळेवर करा, यासाठी थांबू नका.
शोधार्थी, गाठ दिसते कशी? मध्यभाग?

शोधार्थी_नागपूर:
दोघींच्या गाठीवर रुपयाएवढी काळी खपली आहे. एकीची कड ओलसर. मोठ्या गाठीत असं होतंच म्हणून लिहिलं नाही.

पॅथॉलॉजीताई:
अगं, तेच तर आधी सांगायचं! उजेडाला ल्युसिफेरिन, ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) तिन्ही लागतात. मेलेल्या पेशीत एटीपी नाही. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा भराभर वाढली की मधला भाग मरतो. व्हर्नियर मेलेलं-जिवंत सगळं मोजतो, कॅमेरा फक्त जिवंत. वरून काळी खपली उजेड अडवते. आणि रक्तपुरवठा बिघडला की ल्युसिफेरिनही उशिरा पोहोचतं, तुझा 10 मिनिटांचा फोटो उजेड शिखरावर पोहोचण्याआधीच निघत असेल. दर दोन मिनिटांनी, 30-40 मिनिटं एकीचे फोटो घे.
पण आधी पशुवैद्यांना बोलाव. फुटलेली गाठ घेऊन जनावर शुक्रवारपर्यंत ठेवू नकोस. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत एंडपॉइंट (जनावराला कधी संपवायचं ती मर्यादा) लिहिलेला असेल, तो वाच.

पेशीवाला:
मला गाठीतल्या पेशींत ल्युसिफरेजचं जनुक बंद पडल्याची शंका आहे. 4टी1 ला 6-थायोग्वानिन (पेशी मारणारं औषध) चालतं, उंदराच्या स्वतःच्या बाकी पेशी त्यात मरतात. गाठीतल्या पेशी त्यात वाढवून प्लेटमध्ये उजेड मोजा.

पॅथॉलॉजीताई:
करावं, पण त्याला दिवस लागतात. तिला सोमवार गाठायचाय.

निसर्गप्रेमी_अंबाझरी:
काजव्यांवरून आठवलं, जूनमध्ये भंडारदऱ्याला जा. झाडच्या झाडं लुकलुकतात!

शोधार्थी_नागपूर:
रविवार रात्र. पशुवैद्य काल संध्याकाळीच आले, त्यांच्या सांगण्यावरून दोघींना शांतपणे संपवलं. गाठ कापली तर कडेला गुलाबी कातडं, आत पिवळट, लिबलिबीत. प्लेटमध्ये पेशींवर जुनं आणि नवं ल्युसिफेरिन टाकून पाहिलं, उजेड सारखाच, म्हणजे फ्रीझर ठीक आहे. उद्या व्हर्नियर आणि इमेजिंगचे दोन्ही आलेख शेजारी ठेवून कापलेल्या गाठीचा फोटो दाखवणार. उरलेल्या चौघींचे दर दोन मिनिटांचे फोटो शुक्रवारी. ताई, फुटलेल्या गाठीचं मी आधी कळवायला हवं होतं.

पॅथॉलॉजीताई:
गाठीची सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड आली की इथे टाक. शुक्रवारी मुख्य गाठीवर काळा कागद झाकून फुप्फुसाचाही एक फोटो घे, 4टी1 तिकडे पसरतं.