‘नियम मोडला’ आणि ‘मोडलेला नियम’ : स्पॅनिशमध्ये काय म्हणावं?

प्रश्न : स्पॅनिश शिकते आहे. ‘मोडलेला नियम’ यासाठी ‘रेग्ला रोता’ लिहिलं, तर बाईंनी खाली लाल रेघ मारली. ‘रोम्पेर’ म्हणजे मोडणे, मग ‘रोता’ का चालत नाही?

उत्तर : ‘रेग्ला’ म्हणजे नियम, तशीच मोजायची पट्टीही. ‘ला रेग्ला एस्ता रोता’ म्हटलं की आधी दप्तरातली पट्टी तुटल्याचं चित्र उभं राहतं. क्रियापद म्हणून मात्र ‘आन रोतो लास रेग्लास’ (त्यांनी नियम मोडले) अगदी बरोबर. इथे ‘रोतो’ (‘रोम्पेर’चंच रूप) बदलत नाही, कारण ते ‘आन’ या सहायक क्रियापदाला जोडलेलं आहे. विशेषण झालं की मात्र ते नामाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं.

पण ‘रोम्पेर’ सगळीकडे वापरू नका. त्यात रूढी झुगारण्याचा सूर सहज येतो. दंडाच्या पावतीला, कायद्याच्या मजकुराला ‘इनफ्रिन्खीर’ शोभतं. (त्याच्या लॅटिन मुळातही ‘मोडणे’च आहे. ‘इनफ्लिखीर’ वेगळं, ते शिक्षा किंवा जखम करणे. दोन्हींची भेसळ होऊन ‘इनफ्लिन्खीर’ असं चुकीचं रूप स्पॅनिश लोकांच्याही तोंडी येतं.) करार किंवा दिलेला शब्द पाळला नाही, तर ‘इनकुम्प्लीर’. आपल्या ‘भंग’च्या जवळ जातं ते ‘केब्रान्तार’ : स्पेनच्या दंडसंहितेत कलम 468 शिक्षेच्या भंगाचं आहे, तिथे याच क्रियापदापासून झालेलं नाम आहे.

आणि सिग्नल? आपण तो तोडतो, स्पेनमध्ये त्यावरून उडी मारतात : ‘साल्तार्से उन सेमाफोरो’. मला हे फार आवडतं, कारण आपल्या ‘उल्लंघन’मध्येही उडीच आहे. दसऱ्याचं सीमोल्लंघन आठवा. मेक्सिकोत मात्र ‘पासार्से एल आल्तो’ म्हणतात, म्हणजे ‘थांबा’ ओलांडून जाणे.

प्रश्न : मग विशेषण कुठलं घ्यायचं?

उत्तर : नियमालाच लावायचं असेल तर ‘नोर्मा इनकुम्प्लीदा’, न पाळलेला नियम. एरवी स्पॅनिश माणूस विशेषण नियम मोडणाऱ्याला लावतो. वाहतुकीचा नियम मोडणारा चालक तो ‘इनफ्राक्तोर’. संकेत धुडकावणारी चित्रकार ‘त्रान्सग्रेसोरा’, आणि यात बहुधा कौतुक असतं. स्पेनमध्ये ‘रोम्पेदोर’ही ऐकाल, पण ते नव्या वाटेच्या कलाकृतीला. सिग्नल तोडणाऱ्याला ‘रोम्पेदोर’ म्हणालात तर त्याची पाठ थोपटल्यासारखं होईल.